उपवासकाळात अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याची सेवा

ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळातल्या (लेंट) शुक्रवारी मटण-कोंबडी वर्ज्य, मासळीला मात्र मुभा. किनाऱ्यावरच्या माणसाला हा नियम जरा जास्तच सोयीचा. सुरमईची तुकडी खाऊन कसला आलाय त्याग! म्हणून शुक्रवारी मासळीही सोडा आणि ते पैसे त्याच दिवशी डब्यात टाका. नंतर हिशेब करू म्हटलं की डबा रिकामाच राहतो. गुड फ्रायडे धरून असे ७ शुक्रवार मिळतात.

त्या पैशांतून दहा घरी शिधा वाटण्यापेक्षा एकच घर धरा. मुलं मुंबईला किंवा गल्फमध्ये, घरी दोन म्हातारी माणसं, त्यातलं एक अंथरुणावर, अशी घरं वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत वाडीवाडीत आहेत. ती ख्रिस्ती आहेत का, हे पाहू नका. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातल्या भुकेल्यालाही कुणी धर्म विचारलेला नाही. वार आणि वेळ ठरवून दोघांनी जावं. फोटो काढू नयेत.

न्यायला पेज उत्तम, पण ती कशी नेता याला महत्त्व आहे. १ वाटी उकड्या तांदळाला ८ वाट्या पाणी घालून मंद आचेवर शितं फुटेपर्यंत शिजवा. वर निवळ आणि खाली शितं अशी पेज आजारी माणसाला सर्वांत अवघड जाते: पाणी आधी घशात उतरतं, शितं तोंडात राहतात आणि ठसका लागतो. म्हणून रवीने घोटून एकजीव करा. पाठीला उशा लावून ताठ बसवा, अर्धा-अर्धा चमचा द्या, गिळल्याशिवाय पुढचा नाही. नंतर अर्धा तास तसंच बसू द्या. पेजेबरोबर सुकं खारं (खारवलेली सुकी मासळी) किंवा लोणचं नेण्याचा मोह होतो. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर टाळा. मधुमेह असेल तर पेज किती द्यायची, हे डॉक्टरांना विचारा.

पेजेचा डबा ठेवून लगेच निघू नका, कूस बदलून पाठ पाहा. माकडहाड, कुल्ले आणि टाचा इथे जखमा आधी होतात. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावर पांढुरका होत नसेल, तर ती सुरुवात समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हाताच्या पाठीने गरम किंवा कडक लागतं का पाहा. तो भाग चोळायचा नाही, रबरी कडंही खाली ठेवायचं नाही. दर २ तासांनी कूस बदलायची असते. तुम्ही तेवढा वेळ थांबू शकणार नाही, तेव्हा घरातल्या माणसाला चादर धरून वळवायला शिकवा. ओढलं तर कातडी सोलते. कातडी फुटली असेल तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळवा.

एखादी खेप कागदांसाठी ठेवा. ६५ वर्षांवरच्या निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे, अर्ज तहसील कार्यालयात करायचा. बरेचदा पैसे अडतात ते बँक खातं आधारला जोडलेलं नसल्यामुळे किंवा हयातीचा दाखला राहिल्यामुळे.

त्या घरी कुणी कॅथलिक असेल आणि कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) हवं असेल, तर फादरांना आधी सांगा. पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यात, त्यांना सवड नसते.

ईस्टरनंतर जमणार नसेल तर पहिल्याच भेटीत तसं सांगा आणि पुढे कोण जाणार ते झावळ्यांच्या रविवारआधी (ईस्टरच्या आधीचा रविवार) ठरवा. शेवटच्या दोन खेपा त्या माणसाला बरोबर घेऊनच करा.