तासगावच्या द्राक्षावरचं यीस्ट नेमकं कोणतं, ते कसं ओळखायचं

सांगली मिरज भागातल्या मायक्रोबायोलॉजीच्या पोरांना प्रोजेक्टसाठी यीस्ट हवं असलं की तासगावची द्राक्षं हाताशी असतात, फेब्रुवारी मार्चमध्ये तर कुठंही मिळतात, त्यामुळं सँपल म्हणून ते एकदम बरोबर आहे. पण पुढं रिपोर्टमध्ये पांढरी गुळगुळीत दिसली की ती कॉलनी (प्लेटवर वाढलेला यीस्टचा ठिपका) सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे पाव-वाइनचं नेहमीचं यीस्ट, म्हणून लिहून टाकतात, ते बघून खरंच वाईट वाटतं. चांगल्या, न फुटलेल्या द्राक्षाच्या सालीवर सॅकरोमायसिस क्वचितच सापडतं, तिथं जास्त करून हॅन्सेनियास्पोरा युव्हेरम आणि ऑरिओबेसिडियम पुलुलन्स असतात, रस फसफसायला लागून अल्कोहोल वाढलं की मग सॅकरोमायसिस पुढं येतं. म्हणून नाव सगळ्यात शेवटी लिहायचं, आणि जेवढा पुरावा हातात आहे तेवढंच लिहायचं.

सँपल घेताना घड धुवायचा नाही, देठासकट कापून निर्जंतुक पिशवीत घालायचा आणि बागवाल्याला शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली ते विचारून लिहून ठेवायचं, बुरशीनाशक ताजं असेल तर प्लेटवर काय येतं त्यात फरक पडतो. मणी ०.८५ टक्के सलाइनमध्ये चांगले हलवायचे, दहापट दहापट डायल्युशन करायचं, म्हणजे पातळ करत जायचं, आणि वायपीडी अगारवर (यीस्ट वाढवायच्या जेलीसारख्या मीडियावर) पसरायचं. वायपीडी म्हणजे यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ टक्का, पेप्टोन २, डेक्स्ट्रोज २, अगार २, आणि बॅक्टेरिया दाबायला लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल, ते उष्णता सोसतं म्हणून मीडियातच घालून ऑटोक्लेव्ह केलं (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक केलं) तरी चालतं. तापमान २५ ते २८ अंश. आपल्याकडं मार्चमध्ये खोलीच पस्तिशीच्या पुढं जाते त्यामुळं साधा इनक्युबेटर उपयोगाचा नाही, कूलिंगवाला, म्हणजे बीओडी इनक्युबेटर लागतो. दोन ते चार दिवसांत कॉलन्या येतात, पण प्लेट लगेच टाकू नका, आठवडाभर ठेवा, कारण काही जातींचा रंग उशिरा येतो.

मग प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या कॉलनीची निदान दोनदा तरी नव्या प्लेटवर स्ट्रिकिंग करून (लूपनं रेघा ओढून) शुद्ध कल्चर काढा. हा भाग कंटाळवाणा आहे पण सगळं इथंच ठरतं, दोन जाती मिसळलेल्या असतील तर पुढच्या साखरेच्या टेस्ट जे काही सांगतील ते जगातल्या कुठल्याच यीस्टशी जुळणार नाही.

आता डोळ्यांनी बघायचं. गुलाबी किंवा केशरट कॉलनी असेल तर बहुतेक ऱ्होडोटोरुला नाहीतर स्पोरोबोलोमायसिस. आधी मलईसारखी, नंतर गुलाबीसर आणि पुढं काळपट होत जाणारी, कडेला तंतू सुटलेली, ती ऑरिओबेसिडियम, हीच ती यीस्टसारखी दिसणारी बुरशी जिला लोक काळं यीस्ट म्हणतात. मीडियात लोह असेल आणि कॉलनीभोवती तांबूस मरून रंग पसरला तर मेट्श्निकोव्हिया. चपटी, कोरडी, पांढरी, मखमली कॉलनी असेल तर जिओट्रिकमचा संशय घ्या.

संशय मिटवायला मायक्रोस्कोप, आणि त्यासाठी कल्चर ताजं हवं, २४ ते ४८ तासांचं. पाण्याच्या थेंबात किंवा लॅक्टोफिनॉल कॉटन ब्ल्यूमध्ये पेशी बघा आणि एकच गोष्ट नीट बघा, कळी कुठून फुटते. लिंबाच्या आकाराची पेशी आणि फक्त दोन्ही टोकांना कळ्या, हे हॅन्सेनियास्पोराचं लक्षण. गोल किंवा अंडाकृती पेशी आणि कळ्या कुठूनही, तर सॅकरोमायसिस, पिकिया आणि अजून बरीच मंडळी. कळी नाहीच, मधोमध भिंत घालून पेशीचे दोन तुकडे होतात, तर शायझोसॅकरोमायसिस. तंतूच तुटून चौकोनी तुकडे पडतात, तर जिओट्रिकमचा संशय खरा. तंतू खरे का खोटे (खोटे म्हणजे न सुटलेल्या कळ्यांची नुसती साखळी) हे बघायला कॉर्नमील अगारवर १ टक्का ट्वीन ८० घालून स्ट्रिक करायची, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि प्लेट तशीच मायक्रोस्कोपखाली धरायची.

यानंतर माझ्या मते सगळ्यात जास्त कामाची आणि स्वस्त टेस्ट म्हणजे युरिएज, यीस्ट युरिया तोडतं का ते बघायची. यीस्ट हे काही एक घराणं नाही, ॲस्कोमायकोटा आणि बॅसिडिओमायकोटा या दोन्ही मोठ्या शाखांत यीस्ट आहेत, आणि ख्रिस्टेन्सन युरिया अगार गुलाबी झाला तर बहुतेक वेळा बॅसिडिओमायकोटा असतं. अपवाद आहेत, शायझोसॅकरोमायसिस ॲस्कोमायकोटातलं असून युरिएज पॉझिटिव्ह येतं, पण त्याच्या पेशी तुम्ही आधीच बघितल्यात त्यामुळं फसणार नाही.

साखरेच्या फर्मेंटेशनला आत उलटी डरहॅम ट्यूब (गॅस अडकवणारी छोटी नळी) ठेवून २ टक्के साखर, रॅफिनोज मात्र ४ टक्के. युव्हेरम फक्त ग्लुकोज फसफसवतं, सेरेव्हिसी ग्लुकोजबरोबर सुक्रोज आणि बहुतेक वेळा माल्टोजही, लॅक्टोज मात्र नाही, लॅक्टोजवर गॅस आला तर क्लुव्हेरोमायसिसकडं बघा. नायट्रेट वापरतं का तेही बघा, सॅकरोमायसिस वापरत नाही. एकाच जातीच्या दोन स्ट्रेनमध्ये (उपप्रकारांत) इथं फरक पडतो, म्हणून नुसत्या साखरेवरून जात ठरवू नका, जीनसपर्यंत (जातीच्या वरच्या गटापर्यंत) थांबलात तरी ते प्रामाणिक काम आहे.

जात पक्की करायची तर डीएनए. पीसीआरमध्ये एनएल१ आणि एनएल४ प्रायमर (हवा तो भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरून रायबोसोमच्या २६एस जीनचा डी१/डी२ भाग वाढवायचा, म्हणजे त्याच्या भरपूर प्रती काढायच्या, साधारण ६०० बेस (डीएनएची अक्षरं), आणि बाहेरून सीक्वेन्स करून आणायचा. १९९८ मध्ये यीस्टचे संशोधक कर्ट्झमन आणि रॉबनेट यांनी सुमारे ५०० ॲस्कोमायकोटा यीस्टवर हे काम करून दाखवलं, शून्य ते तीन बेसचा फरक असेल तर सहसा एकच जात, एक टक्क्याच्या वर गेला तर वेगळी. ब्लास्टमध्ये (सीक्वेन्स जुळवून बघायच्या ऑनलाइन प्रोग्रॅममध्ये) वरचं पहिलं नाव उचलू नका, जेनबँक या सीक्वेन्सच्या सार्वजनिक साठ्यात चुकीच्या नावाच्या नोंदी पुष्कळ आहेत, टाइप स्ट्रेनच्या (ज्या मूळ नमुन्यावर जातीचं नाव ठरलं त्याच्या) सीक्वेन्सशी जुळवा आणि जोडीला आयटीएस हा डीएनएचा दुसरा भाग पण करा. मेट्श्निकोव्हिया पुल्चेरिमाच्या बाबतीत तर एकाच स्ट्रेनमध्ये या भागाच्या वेगवेगळ्या प्रती असतात, तिथं पुल्चेरिमा गट एवढंच लिहा.

जुन्या प्रॅक्टिकलच्या वहीत क्लोएकेरा ॲपिक्युलाटा दिसेल, ते युव्हेरमच. एका बुरशीला दोन नावं द्यायची पद्धत २०१३ पासून बंद झाली. द्राक्षावर, फळांवर सापडणारं पिकिया कुद्रियाव्झेवी आणि दवाखान्यातलं कँडिडा क्रुसाय हे एकच आहे आणि त्याला फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध लागू पडत नाही, म्हणून फळावरचं यीस्ट आहे काय होतंय असं म्हणून प्लेट उघडून वास घेत बसू नका, आणि काम झाल्यावर १२१ अंशाला ऑटोक्लेव्ह करूनच फेका. पेशंटच्या सँपलमधलं यीस्ट कॉलेजच्या लॅबमध्ये हाताळायचंच नाही.

प्रत्येक टेस्टला ओळखीचा कंट्रोल स्ट्रेन लावा, तो पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या) एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या कलेक्शनमधून मागवता येतो. तुमचे चांगले आयसोलेट (वेगळे काढलेले शुद्ध कल्चर) २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला ठेवा, आणि नळीवर गाव, द्राक्षाचं वाण, तारीख आणि आयसोलेट नंबर पुसला जाणार नाही अशा पेनानं लिहा, जातीचं नाव नळीवर लिहू नका, ते पुढं बदलू शकतं.