दुबईला सहकुटुंब जाताना या चुका टाळा

गेल्या आठ वर्षांत मी चार वेळा दुबईला जाऊन आलो असल्यामुळे नात्यातले कोणी निघाले की सल्ला घ्यायला माझ्याकडे येते, ऐकल्यासारखे करते आणि परतल्यावर "छान झालं, पण..." असे म्हणून थांबते. त्या 'पण'च्या पुढचे मला आता तोंडपाठ झाले आहे. त्यातले निम्मे तरी टाळता येण्याजोगे असते.

सर्वांत मोठी चूक मे महिन्यात जाण्याची. मुलांना सुट्टी असते आणि हॉटेल निम्म्या दरात मिळते, पण ते का मिळते हे कोणी विचारत नाही. तोवर पारा चाळिशीपार गेलेला असतो, हवा समुद्रामुळे दमट असते आणि दारातून बाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते. ग्लोबल व्हिलेज आणि मिरॅकल गार्डन ही थंडीतली ठिकाणे उन्हाळ्यात बंद होतात.

ही चूक मीही केली आहे. आमच्या हॉटेलच्या खिडकीतून बुर्ज खलिफा दिसत होता. ८२८ मीटर उंचीची इमारत कुठूनही जवळच वाटते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. "समोरच तर आहे, टॅक्सी कशाला?" असे म्हणून २८ मेच्या सकाळी अकरा वाजता मी बाबांना आणि मुलीला घेऊन चालत निघालो. वाटेत शेख झायेद मार्ग आडवा आला. दोन्ही बाजूंना गाड्यांच्या इतक्या रांगा की पायी ओलांडण्याचा विचारही करू नये. रस्त्याकडेने अर्धा तास चालल्यावर बाबांच्या बुटाचा तळ उकलला आणि मी तो रुमालाने बांधू लागलो. तिथे फुलांच्या वाफ्यात पाण्याची काळी नळी दुरुस्त करणारा, तोंडाला फडके गुंडाळलेला एक मुलगा आमचे बोलणे ऐकून जवळ आला. तो राजापूरचा निघाला. "काका, सरळ नका जाऊ, मेट्रोच्या पुलावर चढा, आत एसी आहे," असे म्हणून त्याने आपल्या थर्मासमधले पाणी बाबांना दिले.

त्याच दुपारी आम्ही मॉलमधल्या बर्फाच्या उतारावरची, म्हणजे स्की दुबईची तिकिटे काढून ठेवली होती. तिथे शून्याखालच्या थंडीत शिरण्यासाठी जाड कोट देतात. बाबांनी कोट हातात घेतला आणि परत केला. "त्याला उन्हात ठेवून मी इथे पैसे देऊन कुडकुडू?" असे म्हणून ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले. दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास तिथे बंदी असते, हे मला नंतर समजले. ती १५ जून ते १५ सप्टेंबर या काळापुरतीच असते, म्हणजे त्या दिवशी तिला अजून अठरा दिवस अवकाश होता.

आता मी डिसेंबर ते फेब्रुवारी सोडून जात नाही. ज्यांना उन्हाळ्यातच जाणे भाग आहे, त्यांनी सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतरच बाहेर पडावे आणि दुपारी सरळ झोपावे. मात्र ऋतू बदलला म्हणून तो मुलगा डोळ्यांपुढून जात नाही, आणि ते 'पण' कुठल्याही नियोजनाने टळेल असे मला वाटत नाही.

दुसरी चूक फक्त काचेची दुबई पाहण्याची. पाच दिवसांत अकरा ठिकाणे दाखवणारे पॅकेज घेणाऱ्यांची घाई मला समजत नाही, कारण तिसऱ्या मॉलनंतर आईला सगळे मॉल एकसारखे दिसू लागले होते आणि मुले पायऱ्यांवर झोपली होती. मी पहिलीच संध्याकाळ खाडीवर घालवतो. अल फहिदीच्या जुन्या वस्तीत हवा खेचून खोल्या थंड ठेवणारे मनोरे दिसतात, आणि बर दुबईहून एका दिरहमात अब्रा नावाची होडी खाडीपलीकडच्या देऱ्याला नेऊन सोडते. तेल सापडण्याआधी हे गाव मोत्यांवर जगत होते आणि ते मोती विकायला मुंबईत येत. १९६६ पर्यंत या खाडीवर चालणारे पैसेही रुपयेच होते. शेवटची काही वर्षे रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळे काढलेले. आईने देऱ्याच्या मसालेबाजारात केशरवाल्याशी हिंदीत वीस मिनिटे घासाघीस केली. दुबईचे नाव निघाले की ती आजही बुर्जाविषयी अवाक्षर न काढता त्या केशरवाल्याचीच गोष्ट सांगते.

बाकीच्या चुका किरकोळ आहेत, पण माणसे त्या नेमाने करतात. बुर्जावरची सूर्यास्ताची वेळ महाग असते आणि ती आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नये. मेट्रोत काही खाल्ल्यास किंवा पुरुषाने बायकांच्या डब्यात पाऊल टाकल्यास शंभर दिरहम दंड होतो. वाळवंटातल्या सफारीआधी भरपेट जेवू नये आणि पाठीचे दुखणे असलेल्यांनी त्या जीपमध्ये बसूच नये. भारतात परतताना दागिन्यांवर मिळणारी सीमाशुल्काची सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशी राहिलेल्यांसाठी असते, पाच दिवसांच्या पाहुण्यांसाठी नाही. माझा मेहुणा हे विमानतळावर शिकला. प्रत्येक किमतीचे रुपये करत बसणाऱ्याने घरीच राहावे.

शेवटची चूक खास आपल्या घरांतली. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. त्यामुळे अनारसे, खसखस घातलेले लाडू आणि मालवणी मसाला बॅगेत भरण्याआधी घटक तपासावेत. मावशीने प्रेमाने दिलेला अनारशांचा डबा आम्हाला आठवला तो मुंबई विमानतळाच्या दारात. सोडायला आलेल्या ड्रायव्हरला तो दिला, तर गाडी वळवण्याआधीच त्याने झाकण उघडले.