कुड्याच्या सालीतलं कोनेसीन: दिव्याला न दिसणारा ठिपका

कुड्याच्या सालीतून कोनेसीन हे अल्कलॉइड (नायट्रोजन असलेलं वनस्पतीतलं संयुग) वेगळं करण्याचा प्रोजेक्ट घेतला असेल तर भुकटी बाजारातून आणू नका. पांढऱ्या कुड्याच्या नावाखाली काळा कुडा सर्रास खपवला जातो, आणि एकदा कुटल्यावर नुसत्या डोळ्यांनी काही कळत नाही. झाडावर शेंगा असताना स्वतः जा. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. साल एकाच बाजूने काढा. खोडाभोवती गोल सोललीत तर झाड मरतं. हर्बेरियम शीट (कागदावर चिकटवलेला वाळका नमुना) करून पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडून ओळख पटवून घ्या. गाइड म्हणतात, ‘नंतर बघू.’ नंतर कुणी बघत नाही, व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) मात्र हे हमखास विचारतात.

अर्क काढणं तुम्हाला येतंच: सौम्य आम्ल, मग अमोनियाने पीएच ९-१०, मग क्लोरोफॉर्म. सेपरेटिंग फनेल (दोन थर वेगळे करायचं नरसाळं) जोरात हलवू नका, इमल्शन झालं, म्हणजे थर एकमेकांत मिसळून बसले, की दिवस गेला. डायक्लोरोमिथेन वापरलंत तर अर्क त्यात ठेवून सुट्टीवर जाऊ नका. अल्कलॉइडमधल्या अमाइनशी (नायट्रोजनच्या गटाशी) त्याची अभिक्रिया होते आणि झाडात कधीच नसलेलं ‘नवीन’ संयुग हाती लागतं.

आता खरी मेख. कोनेसीन यूव्ही दिव्याखाली दिसत नाही. पुन्हा सांगते, दिसत नाही! स्टिरॉइडचा सांगाडा, त्यात एकच सुटा दुहेरी बंध आणि दोन नायट्रोजन. ॲरोमॅटिक वलय नाही, कॉन्ज्युगेशन (एकाआड एक दुहेरी बंध) नाही. मग २५४ नॅनोमीटरला शोषणार काय? टीएलसीच्या (थिन लेयर क्रोमॅटोग्राफीच्या) प्लेटवर उठून दिसतात ते सालीतले फिनॉलिक पदार्थ, आणि आपण त्यांच्याच मागे लागतो. कॉलममधून (अर्कातले घटक वेगळे करणाऱ्या नळीतून) निघालेले ‘कोरे’ फ्रॅक्शन, म्हणजे द्रावणाचे भाग, वेस्टच्या बाटलीत जातात. माझं कोनेसीन तिथेच जात होतं. लॅबमधले म्हणतात, तुझ्या सालीत अल्कलॉइडच नाही. ऐकू नका. प्रत्येक फ्रॅक्शनची टीएलसी पट्टी ड्रॅगेनडॉर्फने (अल्कलॉइड ओळखायच्या अभिकर्मकाने) फवारा, नारिंगी ठिपका आला की तो फ्रॅक्शन जपून ठेवा. ठिपक्याला लांब शेपूट येत असेल तर सॉल्व्हंटमध्ये थोडं डायइथिलअमाइन घाला. एचपीएलसीतही (उच्च दाबाच्या द्रव क्रोमॅटोग्राफीतही) २५४ वर सपाट रेषच मिळेल. २०५-२१० वर बघा.

‘मास स्पेक्ट्रममध्ये ३५७ आलं, झालं कोनेसीन,’ हा सीनियर लोकांचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. त्याच वस्तुमानाची दुसरी संयुगं असू शकतात. एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी चुंबकीय चाचणी) कराच: ५.३ पीपीएमच्या आसपास दुहेरी बंधावरचा एक प्रोटॉन, २.२-२.३ ला नायट्रोजनवरचे मिथिल. वितळणबिंदू साधारण १२५ अंश. स्टँडर्ड मिळालं तर शेजारी लावून टीएलसी करा.

घाबरू नका. हेन्स यांनी हे संयुग १८५८ मध्येच वेगळं केलं होतं, तेव्हा ना कॉलम होता ना एनएमआर. तुलनेला डेटा भरपूर आहे. पहिला कॉलम सगळ्यांचाच घाण निघतो, म्हणून सगळा अर्क एकदम चढवू नका. थोडी साल मात्र हवाबंद डब्यात शिल्लक ठेवा, परीक्षक मागू शकतात.