सिरॅमिक ग्रिलवर जाळ्यांचे मजले चढवताय? या चुका टाळा

इंदुरात रविवारी दाल-बाफल्यांचा (बाफले म्हणजे उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे) बेत ठरला की दहाची वीस पानं कधी होतात कळत नाही. अंगण होतं तेव्हा चार गोवऱ्या जास्त रचल्या की भागायचं. आता गच्चीवर सिरॅमिकची अंडाकृती ग्रिल ठेवणारे सगळे आज ना उद्या एकाच ठिकाणी अडतात: जाळी पुरत नाही. मग दोन किंवा तीन मजली रॅक येतो.

जागा खरंच वाढते. १८ इंच व्यासाच्या जाळीचं क्षेत्रफळ साधारण २५४ चौरस इंच. झाकण वर निमुळतं होतं म्हणून वरची जाळी १५ इंची धरली तरी आणखी १७७ चौरस इंच मिळतात. म्हणजे एका वेळी वीस-बावीस बाफले व्हायचे, तिथे पस्तीसच्या आसपास होतात. कोळसा मात्र तेवढाच, आणि हवा आत घेणारं खालचं दारही तेवढंच. बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात.

सगळे मजले सारखे तापतात, असं धरून चालणं

निखारे उघडे असतील तर खालची जाळी सगळ्यात कडक. तिला निखाऱ्यांची थेट झळ लागते. वरची तुलनेने सौम्य. पण निखाऱ्यांवर आच अडवणारी सिरॅमिकची तबकडी, म्हणजे डिफ्लेक्टर, ठेवला की गणित फिरतं. गरम हवा तबकडीच्या कडेने वर चढते, झाकणाला लागून पसरते, आणि झाकणही वरून शेक देतं. त्यामुळे वरच्या जाळीवरच्या पदार्थाचा माथा लवकर लाल होतो आणि खालच्या जाळीवरच्याचा बुडखा. दोन्ही जाळ्यांवर कडेचे नग मधल्यांच्या आधी होतात.

म्हणून बाफले चढवले की विसरायचं नाही. निम्मा वेळ झाला की वरचे खाली, खालचे वर आणि कडेचे मध्ये घ्या. १८०-१९० अंशांवर पाऊण तासाच्या आसपास लागतो. घड्याळापेक्षा एक बाफला फोडून पाहिलेला बरा. आत पिठूळ, चिकट लागला तर अजून वेळ आहे. भरताची वांगी आणि भुट्टे मजल्यावर चढवूच नका. त्यांना उघडे निखारे लागतात. ते आधी भाजून बाजूला काढा, मग तबकडी ठेवा.

जाळी गच्च भरणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि पाहुणे दारात असले की हमखास होणारी. बाफल्याला बाफला चिकटवला, वरून जाळीवर कडेपर्यंत फॉइल पसरली की हवा वर जायची वाटच बंद होते. खालचे करपतात, वरचे पांढरेफटक राहतात. दोन नगांमध्ये बोटभर फट ठेवा आणि जाळीच्या कडेने दीड-दोन इंच मोकळे सोडा. फॉइल हवीच असेल तर फक्त पदार्थाखाली.

बाफल्यांची आणखी एक अडचण आहे. ते उकडून घेतलेले, म्हणजे ओले. तीस-पस्तीस ओले गोळे एकदम आत गेले की वाफ कोंडते आणि रंग चढत नाही. उकडल्यावर फडक्यावर पसरून वरची साल कोरडी होऊ द्या. इतकं करूनही पहिली वीस मिनिटं ते फिकेच दिसतील. आच वाढवू नका.

काट्यावर आंधळा विश्वास

झाकणातल्या थर्मामीटरची दांडी आतल्या बाजूला दोनेक इंच बाहेर आलेली असते. एकाच जाळीवर काम असताना ती हवेत राहते. वरच्या मजल्यावर अख्खी कोंबडी किंवा फ्लॉवरचा गड्डा ठेवून झाकण लावलं की ती सरळ त्यात घुसते. काटा मग हवेचं नव्हे, फ्लॉवरच्या पोटातलं तापमान सांगतो: ७०, ८०. ग्रिल गार पडली समजून माणूस खालचं दार सताड उघडतो आणि दहा-पंधरा मिनिटांत खालचा मजला काळा. झाकण उचलल्यावर दांडीच्या टोकाला मसाला दिसला तर दुसरं कारण शोधू नका. उंच पदार्थ खालच्या जाळीवर घ्या. जमलं तर जाळीवर ठेवायचा वेगळा प्रोब वापरा.

गार माल आत गेल्यावर काटा झर्रकन खाली येतो, तेही साहजिक आहे. जाड भिंतींत उष्णता साठलेली असते, पंधरा-वीस मिनिटांत ती भरून काढते. उलट, तापमान एकदा वर गेलं की याच भिंती ते तासभर उतरू देत नाहीत. १९० हवे असतील तर १७० च्या सुमारासच दोन्ही झडपा, म्हणजे खालचं दार आणि झाकणावरची झडप, आवळायला लागा.

कोंबडी वर, बाफले खाली

कच्च्या कोंबडीचं पाणी खालच्या पदार्थावर ठिबकणं आरोग्याला वाईटच. कोंबडी नेहमी खालच्या मजल्यावर, आणि जाड भागात ७४ अंश झाल्याशिवाय उतरवायची नाही. तिची चरबी थेट तापलेल्या तबकडीवर पडली तर जळून कडवट धूर सुटतो. खाली ताट ठेवा, तेही तबकडीला न टेकता. फॉइलचे तीन-चार गोळे करून त्यांवर ठेवलं तरी पुरतं.

पण आपल्याकडे प्रश्न ठिबकण्यापुरता नसतो. मटणाच्या धुरात भाजलेला बाफला काकू तोंडात घालणार नाहीत, आणि त्यांना समजावत बसण्यात अर्थ नाही. शाकाहारी घाणा आधी काढा, तुपात बुडवून झाकून ठेवा. त्यानंतर कोंबडी. रॅक दोन्हींसाठी वेगळा असेल तर घरात शांतता राहते.

आगीच्या चुका

रॅक आणि तबकडी चढल्यावर मध्येच कोळसा घालता येत नाही, म्हणून आधीच पुरेसा भरा. तो लाकडीच हवा. दगडी कोळशाचा धूर अन्नाला लागता कामा नये. रॉकेल किंवा पेटवायचं द्रव्यही नको. सिरॅमिक ते शोषून घेतं आणि वास पुढे कित्येक दिवस येत राहतो. पहिला दाट पांढरा धूर विरळ होईपर्यंत काहीही आत ठेवू नका. बंद बाल्कनीत ही ग्रिल लावणं जिवावर बेतू शकतं, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कडक आचेवर झाकण एकदम उघडलं तर हवा आत घुसून ज्वाळेचा लोळ बाहेर येतो. बोटभर उचला, दोन-चार सेकंद थांबा, मग उघडा. तापलेल्या ग्रिलवर पाणी मारू नका, तडा जातो. पावसाळाभर गच्चीवर पडून राहिलेली ग्रिल ओल धरते, तिला पहिल्या वेळी मंद आचेवरच तापवा.

काम झालं की दोन्ही झडपा बंद. कोळसा गुदमरून विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी चालतो. पेटवण्याआधी राख झटकून घ्या, नाहीतर कोळशाखालच्या जाळीची भोकं बुजून सगळे मजले गारच राहतात.