ध्वनिमुद्रणातील आवाजाचे चढउतार कॉम्प्रेसरने कसे सावरावेत

बोलणाऱ्याचा आवाज फार वेळ एका पातळीवर राहत नाही. वाक्याच्या आरंभी तो भरदार असतो आणि शेवटाकडे विरत जातो. हसू आले की उसळतो, मान वळली की मायक्रोफोनपासून दुरावतो. समोर बसून ऐकताना हे फारसे खटकत नाही, कारण ओठांची हालचाल आणि चेहऱ्यावरचे भाव कानांच्या मदतीला असतात. ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला तो आधार नसतो. त्यामुळे त्याला एका वाक्यासाठी आवाज वाढवावा लागतो आणि पुढच्याच हशाला तो घाईने कमी करावा लागतो. हे काम श्रोत्यावर सोपवू नये, मुद्रण तयार करणाऱ्याने ते आधीच करून ठेवावे, असे मला मनापासून वाटते. त्यासाठीचे मुख्य साधन म्हणजे कॉम्प्रेसर. ध्वनिसंपादनाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ते प्लग-इनच्या, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडलेल्या छोट्या साधनाच्या, रूपाने मिळते. एमपी३सारखी लहान फाइल बनवताना जे कॉम्प्रेशन होते त्याच्याशी याचा काही संबंध नाही. तिथे फाइलचा आकार घटतो, इथे आवाजातील चढउतारांचा आवाका घटतो.

कॉम्प्रेसर नेमके काय करतो

कॉम्प्रेसर हळू आवाज मोठा करतो, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः तो मोठा आवाज कमी करतो. हळू आवाज वर येतो तो त्यानंतर, जेव्हा आपण संपूर्ण मुद्रणाची पातळी उचलतो तेव्हा. हा क्रम नीट समजला की पुढची सगळी बटणे आपोआप अर्थपूर्ण वाटू लागतात, म्हणून एक उदाहरण आकड्यांसह पाहू.

डिजिटल मुद्रणात कमाल पातळीला शून्य डेसिबल म्हणतात आणि त्याखालच्या पातळ्या उणे आकड्यांनी दाखवतात. समजा, एक वाक्य जोरात म्हटल्यामुळे उणे ८ डेसिबलवर आहे आणि दुसरे हळू म्हटल्यामुळे उणे २६ वर. दोहोंत १८ डेसिबलचे अंतर आहे. कॉम्प्रेसरचा थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीच्या वर त्याने काम सुरू करायचे ती मर्यादा, आपण उणे २० वर ठेवली आणि रेशो, म्हणजे मर्यादेवरचा आवाज किती कमी करायचा ते प्रमाण, ३:१ ठेवला. मोठे वाक्य मर्यादेच्या १२ डेसिबल वर आहे. ३:१ या प्रमाणामुळे त्यातले ४ डेसिबलच शिल्लक राहतात आणि ते उणे १६ वर येते. हळू वाक्य मर्यादेच्या खाली असल्याने जसेच्या तसे राहते. अंतर १८ वरून १० डेसिबलवर आले. आता मेकअप गेन, म्हणजे दाबल्यानंतर संपूर्ण मुद्रणाला दिलेली वाढ, ६ डेसिबल दिला की वाक्ये उणे १० आणि उणे २० वर स्थिरावतात, आणि हळू वाक्य ऐकणाऱ्यापर्यंत स्पष्ट पोहोचते.

मात्र याच ६ डेसिबलनी खोलीतल्या पंख्याची घरघरही उचलली जाते. ती उणे ६२ वर असेल तर उणे ५६ वर येते, आणि बोलण्यातल्या विरामांत जाणवू लागते. मेकअप गेनचा प्रत्येक डेसिबल आवाजाबरोबर गोंगाटालाही मिळतो. शांत खोलीत, मायक्रोफोन तोंडाजवळ ठेवून केलेल्या मुद्रणावर कॉम्प्रेसर का खुलतो आणि दुरून केलेल्या मुद्रणावर तोच कॉम्प्रेसर का बिघाड करतो, याचे कारण या हिशेबात आहे.

प्लग-इन उघडण्यापूर्वी

मूळ फाइलची प्रत जपून ठेवावी आणि काम दुसऱ्या प्रतीवर करावे. काही सॉफ्टवेअरमध्ये प्लग-इनचा परिणाम ट्रॅकवर चालू असताना लागू होतो आणि केव्हाही बदलता येतो. काहींमध्ये तो थेट ध्वनीवर कायमचा लिहिला जातो. आपण दुसऱ्या प्रकारात काम करत असू तर ही प्रत अत्यावश्यक आहे.

मुद्रण करतानाच आवाज शून्याला धडकून फाटला असेल, तर कॉम्प्रेसर त्याला जोडू शकत नाही. तो फाटलेला आवाज फक्त थोडा हळू करील. त्यामुळे मुद्रणाच्या वेळी सर्वांत मोठे उच्चारही उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहतील इतकी मोकळीक ठेवावी.

त्यानंतर हाय-पास फिल्टरने साधारण ८० हर्ट्झच्या खालचा, म्हणजे अगदी खर्जातला, भाग काढून टाकावा. टेबलाला लागलेला धक्का, दुरून जाणाऱ्या वाहनाची घरघर, फुंकरीचे धपके हे सगळे त्या भागात असतात. कानाला ते फारसे ऐकू येत नसले तरी कॉम्प्रेसरला ते मोठा आवाज म्हणूनच दिसतात, आणि तो विनाकारण बोलणे दाबतो. सतत येणारा गोंगाट कमी करायचा असेल तर तेही याच टप्प्यावर करावे. कॉम्प्रेसरनंतर गोंगाटाची पातळी सतत हलत राहते आणि मग तो निवडून काढणे अवघड जाते.

यापुढची पायरी सर्वाधिक टाळली जाते, आणि माझ्या मते निकाल तिच्यावरच सर्वाधिक अवलंबून असतो: हाताने पातळी सारखी करणे. मुद्रण वेव्हफॉर्मकडे, म्हणजे पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखाकडे, पाहत ऐकावे. जिथे वक्ता काही मिनिटे मागे सरकून बोलला आहे तो भाग निवडून ५-६ डेसिबल वर आणावा. जिथे खोकला किंवा मोठे हसणे आहे ते खाली आणावे. कॉम्प्रेसरचे क्षेत्र शब्दाशब्दातले आणि वाक्यावाक्यातले फरक हे आहे. परिच्छेद आणि प्रसंग यांमधले मोठे फरक त्याच्या गळ्यात घातले, तर मोठ्या भागात तो सतत दाबत राहतो आणि हळू भागात हातच लावत नाही. परिणामी एकाच मुद्रणात आवाजाचे दोन वेगळे पोत ऐकू येतात. दोन व्यक्तींचे संभाषण असेल तर प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा ठेवून प्रत्येकासाठी वेगळी मर्यादा ठरवावी. एका संभाषणात मी दोन्ही आवाज एकत्र केल्यानंतर कॉम्प्रेसर लावला होता. एकाच्या भरदार आवाजाने दर वेळी दुसऱ्याचा हुंकार दबत गेला आणि शेवटी सगळे काम पुन्हा करावे लागले.

बटणे कोणत्या क्रमाने लावावीत

पडद्यावर थ्रेशोल्ड बहुधा पहिला असतो, म्हणून आपण तिथूनच सुरुवात करतो. त्याऐवजी वेळेची दोन बटणे, म्हणजे अटॅक आणि रिलीज, आधी ठरवावीत. ती ऐकू यावीत म्हणून काही वेळ मुद्दाम अतिरेक करावा: रेशो ८:१ ठेवावा आणि आवाज उघडपणे दबलेला ऐकू येईपर्यंत थ्रेशोल्ड खाली आणावा. असा आवाज वाईटच वाटतो, पण त्यात वेळेचे परिणाम लपत नाहीत.

आता अटॅक. मर्यादा ओलांडल्यानंतर कॉम्प्रेसरने किती वेळात पकड घ्यायची, ते हे बटण सांगते. अटॅक १ मिलिसेकंदाच्या आसपास असेल तर क, ट, प यांसारख्या व्यंजनांचा पहिला स्फोटच दाबला जातो आणि बोलणे बोथट, पांघरुणाआडून आल्यासारखे वाटते. तो ५० मिलिसेकंदांवर नेला तर व्यंजन पूर्ण निसटते आणि त्यामागून येणारा स्वर तेवढा दबतो. प्रत्येक शब्द टोचू लागतो. बोलण्यासाठी ५ ते १५ मिलिसेकंदांमध्ये सहसा योग्य जागा सापडते. ती शोधताना डोळे मिटून फक्त शब्दांच्या सुरुवाती ऐकाव्यात.

रिलीज म्हणजे पकड सोडायला लागणारा वेळ. तो फार लांब, समजा २ सेकंद, असेल तर एका मोठ्या हशानंतरचे वाक्य अर्धे दबलेलेच राहते. फार आखूड असेल तर दोन दोष उद्भवतात. पहिला सर्वांना ऐकू येतो: शब्द संपताक्षणी मागचा गोंगाट झपकन वर येतो आणि पुढच्या शब्दाला खाली जातो, जणू खोलीच श्वास घेते आहे. याला पंपिंग म्हणतात. दुसरा दोष सूक्ष्म आहे. भारी पुरुषी आवाजाची कंपने सेकंदाला १०० च्या आसपास असतात, म्हणजे एक कंपन १० मिलिसेकंदांचे. अटॅकही वेगवान ठेवला असेल आणि रिलीज त्या १० मिलिसेकंदांच्याच जवळ गेला, तर कॉम्प्रेसर बोलण्याच्या चढउतारांऐवजी प्रत्येक कंपनाचा आकार बदलू लागतो आणि आवाज खरखरीत होतो. म्हणून बोलण्यासाठी १०० ते २५० मिलिसेकंदांपासून सुरुवात करावी, आणि गेन रिडक्शनच्या, म्हणजे आवाज किती दाबला जातो आहे हे दाखवणाऱ्या, मीटरचा काटा वाक्याच्या लयीबरोबर खालीवर होतो आहे ना ते पाहावे.

वेळा पटल्या की रेशो खाली आणावा. बोलण्यासाठी २:१ ते ४:१ पुरेसा होतो. त्यानंतर थ्रेशोल्ड हळूहळू वर न्यावा. इथे मात्र गेन रिडक्शनचा मीटर पाहणे उपयोगी ठरते: नेहमीच्या वाक्यांना ३ ते ६ डेसिबल घट दिसावी, जोराच्या उच्चारांना ८ पर्यंत, आणि विरामांत काटा शून्यावर परतावा. तो कधीच शून्यावर येत नसेल तर मर्यादा फार खाली आहे. ‘नी’ (knee) हे बटण असल्यास ते ६ डेसिबलच्या आसपास ठेवावे, म्हणजे मर्यादेपाशी पकड एकदम न बसता हळुवार बसते. स्टिरिओ मुद्रणात डावी-उजवी बाजू जोडणारी लिंक चालू ठेवावी, नाहीतर एका बाजूच्या मोठ्या आवाजाने संपूर्ण चित्र दुसरीकडे कलते. लुकअहेडची सोय असेल तर प्लग-इन येणारा आवाज काही मिलिसेकंद आधी पाहून तयार राहतो. संपादनात ती खुशाल वापरावी, पण थेट प्रक्षेपणात तेवढाच उशीर पदरी पडतो.

सर्वांत शेवटी मेकअप गेन. बायपास, म्हणजे कॉम्प्रेसर तात्पुरता वगळणारे बटण, चालू-बंद करून दोन्ही वेळी आवाज सारखाच मोठा वाटेल इतकाच तो द्यावा. आपल्या कानांना अधिक मोठा आवाज अधिक चांगला वाटतो, त्यामुळे पातळी न जुळवता केलेली तुलना जवळजवळ नेहमीच कॉम्प्रेसरच्या बाजूने जाते आणि आपण गरजेपेक्षा जास्त दाबत सुटतो. पातळी जुळवून ऐकल्यावर चढउतार कमी झाले पण बोलण्यातला जीव कायम राहिला, असे वाटले तर काम जमले. आवाज सपाट आणि थकलेला वाटला तर थ्रेशोल्ड ३ डेसिबल वर न्यावा.

एका कॉम्प्रेसरकडून १० डेसिबल घट करून घेण्याऐवजी दोन कॉम्प्रेसर एकामागे एक लावून प्रत्येकाकडून ४-५ घ्यावेत, असे मी सुचवीन. पहिला वेगवान असावा, तो अचानक उसळणाऱ्या शिखरांना धरतो. दुसरा संथ, तो एकूण पातळी सावरतो.

थ्रेशोल्ड सापडत नसेल तर

काही प्लग-इन जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करतात. १९६० च्या दशकातल्या एलए-२ए या यंत्रावर मुख्य बटणे दोनच: घट किती आणि गेन किती. त्यात आवाजाच्या प्रमाणात एक दिवा उजळतो आणि समोरचा प्रकाशसंवेदी घटक आवाज दाबतो. दिवा मंदावल्यानंतर तो घटक आधी झटकन आणि मग रेंगाळत मोकळा होतो. संथ, मायाळू परिणामासाठी ते उत्तम. त्याच दशकातल्या ११७६ मध्ये मर्यादा ठरलेली असते आणि इनपुट वाढवून आवाज तिच्यावर ढकलावा लागतो. शिवाय त्याची अटॅक आणि रिलीजची बटणे उलटी चालतात: आकडा मोठा तितका वेग जास्त. हे ठाऊक नसेल तर त्याची नक्कल करणारे प्लग-इन अनाकलनीय वाटते. वर सुचवलेल्या जोडीत ११७६ च्या घराण्यातला पहिला आणि एलए-२ए च्या घराण्यातला दुसरा ठेवण्याची पद्धत स्टुडिओंमध्ये रूढ आहे.

नंतरची डागडुजी आणि अंतिम पातळी

कॉम्प्रेशननंतर श्वास आणि स, श, ष हे उच्चार पूर्वीपेक्षा पुढे येतात, कारण त्यांच्या शेजारचे भरदार स्वर खाली गेलेले असतात. उच्चार टोचत असतील तर कॉम्प्रेसरनंतर डी-एसर, म्हणजे फक्त असे उच्चार दाबणारे साधन, लावावा. श्वास पुसून टाकू नयेत. ते पूर्ण नाहीसे झाले की बोलणे कृत्रिम वाटते. खटकणारे श्वास तेवढे हाताने ६-८ डेसिबल खाली आणावेत.

शेवटी लाउडनेस मीटरवर संपूर्ण मुद्रणाची पातळी मोजावी. हे मापन एलयूएफएस या एककात होते आणि ते क्षणिक शिखरांऐवजी कानाला जाणवणारा आवाज मोजते. पॉडकास्टसाठी स्टिरिओ फाइल उणे १६ च्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. मोनो फाइल दोन्ही स्पीकरमधून वाजते, म्हणून तिच्यासाठी मीटरवर उणे १९ पुरते. युरोपातल्या प्रसारणासाठीच्या आर१२८ या मानकात हा आकडा उणे २३ आहे. ठरलेल्या पातळीपर्यंत मुद्रण उचलताना काही शिखरे शून्यापलीकडे जाऊ पाहतील. त्यांच्यासाठी साखळीच्या अगदी टोकाला लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीपलीकडे आवाज जाऊ न देणारे साधन, लावून कमाल मर्यादा उणे १ डेसिबलवर बांधावी. एमपी३मध्ये रूपांतर करताना शिखरे किंचित वाढतात, तेवढी जागा त्यामुळे राहते. लिमिटरला जागोजागी ३-४ डेसिबलपेक्षा जास्त दाबावे लागत असेल तर दोष त्याचा नसतो. हाताने पातळी सारखी करण्याच्या पायरीवर परत जावे.

तयार फाइल आधी डब्ल्यूएव्ही या आकार न घटवणाऱ्या स्वरूपात साठवावी, मगच तिच्यापासून एमपी३ बनवावी. मग ती हेडफोनवर एकदा आणि फोनच्या छोट्या स्पीकरवर एकदा, आवाजाच्या बटणाला हात न लावता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावी. जिथे हात बटणाकडे जाईल त्या क्षणाची वेळ लिहून ठेवावी आणि पुढची दुरुस्ती तिथूनच सुरू करावी.