आधी ऊन, मग चुना : जळणाच्या चिप्सचा ढीग लावण्यापूर्वी

मृग तोंडावर आलाय आणि बांधाबांधावर तेच दिसतंय. सुबाभूळ, बाभळीच्या ओल्या फांद्या चिपरमधून, म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे (चिप्स) करणाऱ्या यंत्रातून काढल्या, त्याच दिवशी ढीग घातला, वर ताडपत्री गच्च आवळली. हळद शिजवायला ढीग उघडतात तेव्हा आत काळा, बुरशीचा भुसा निघतो.

ताज्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असतं. बुरशी नि जिवाणू त्या ओलीत वाढतात, ढीग 60 अंशांच्या वर तापतो, लाकूड आतल्या आत खाल्लं जातं. म्हणून ढीग घालण्याआधी ओलावा 20 ते 25 टक्क्यांवर आणा. मे महिन्याच्या उन्हात वीतभर थर पसरून दिवसातून दोनदा उलथा. मूठभर चिप्स हातात खळखळल्या पाहिजेत. पाऊस गाठणार असं वाटलं तर चिपर चालवूच नका. फांद्या तशाच राहू द्या, अख्खं लाकूड चिप्सइतकं लवकर कुजत नाही.

थोडी ओल राहिलीच तर चुना. बुरशीला आम्लता मानवते, चुन्याने ती मोडते. 100 किलोला दीड-दोन किलो विरलेला चुना, हा माझा अंदाज, शिफारस नव्हे. थराथरात मिसळा, नुसता वरून भुरभुरला तर वाया. कळीचा चुना नको, ओल लागली की तो स्वतःच तापतो. पोतं ताजं घ्या, उघडं पडलेला चुना हवेनेच निकामी होतो. राख वाढेल, चालेल. चुनखडीच्या रानात मात्र ती टाकू नका.

चुन्याऐवजी युरिया नको. कडब्यासाठी 100 किलोला 4 किलो युरिया ही शिफारस आहे. ती चाऱ्याची, जळणाची नव्हे. उघड्या ढिगात युरियाचा अमोनिया उडून जातो आणि उरलेलं नत्र बुरशीच्याच पोटात जातं. कॉस्टिक सोडाही नको, त्याने राख वितळून भट्टीच्या जाळीला चिकटते. दुकानातली 'बुरशीरोधक पावडर' घेण्याआधी पुडीवर घटक वाचा; चुनाच निघाला तर त्याला एवढे पैसे कशाला?

बाकी नेहमीचं:
- उंचवटा, खाली फळ्या
- छप्पर वर, बाजू उघड्या
- ढीग डोक्याहून उंच नको
- गोठा, घर लांब
- चुना टाकताना चष्मा, हातमोजे, तोंडाला फडकं

पावसाळाभर आठवड्याला ढिगात पहार खुपसा, दहा मिनिटांनी ओढा. टोक हाताला सोसवेना तर त्याच दिवशी ढीग फोडून पसरा. ढीग फोडताना वारा पाठीवर घेऊन उभे राहा, बुरशीची धूळ छातीत बसते.