पॉटिंग मिक्स विकत घ्यायचं की घरी कालवायचं? आधी या चुका थांबवा

वळवाचा पहिला पाऊस पडला की माझा फोन वाजायला लागतो. प्रश्न दरवर्षी तोच. "ताई, ती पॉटिंग मिक्सची चारशे-पाचशेची पिशवी आणू, की माती घरीच कालवू?" मी उलट विचारते, "कुंड्या किती, आणि केवढ्या?" पलीकडे शांतता. कुंड्याच मोजलेल्या नाहीत आणि मातीचा भाव करायला निघाले!

पुण्यात गच्चीवर बाग करते, त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. विकतचं पॉटिंग मिक्स, म्हणजे कुंडीसाठी तयार कालवलेलं मिश्रण, वापरलंय, घरचंही वापरते. दोन्हींत पैसे घालवण्याच्या ज्या तऱ्हा आहेत, त्यातल्या बहुतेक मी स्वतः करून बसलेय. त्यामुळे खालच्या बोलण्यात थोडा वैताग दिसला तर समजून घ्या.

किलोवर भाव करणं

कुंडी लिटरवर भरते, पिशवी किलोवर विकली जाते, आणि सगळा घोळ इथेच होतो. ओलं मिक्स जड भरतं. त्यात पाणी जितकं जास्त, तितकं पाण्यालाच तुम्ही मातीचे पैसे देता. खत नियंत्रण आदेश, 1985 मध्ये गांडूळखतातल्या ओलाव्याला मर्यादा घातलीय, वजनाच्या 15 ते 25 टक्के. मूठभर घेऊन दाबलं आणि बोटांतून पाणी गळलं, तर ती गोणी मी घेत नाही. नर्सरीवाला कितीही ओळखीचा असो.

माझ्या वहीतला गेल्या वर्षीचा हिशोब देते. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील, पण पद्धत कळेल. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या दाबलेल्या भुश्याची, 5 किलोची वीट 240 रुपये, ती फुलून साधारण 60 लिटर झाली. गांडूळखताची 40 किलोची गोणी 480 रुपये, म्हणजे जवळपास 60 लिटर. पोयटा माती चार घमेली, म्हणजे 40 लिटर, 120 रुपये. पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे पांढरे, हलके खडे) एक किलो 180, ते 10 लिटर भरतं. निंबोळी पेंड दोन किलो, 100. रिक्षा 200. एकूण 1320 रुपये. लिटर जोडले तर 170 होतात, पण कालवल्यावर बारीक माल जाड मालाच्या फटींत बसतो, त्यामुळे हाती आलं साधारण 145 लिटर. लिटरमागे नऊ रुपये पडले.

विकतची 10 किलोची पिशवी 450 रुपयांची होती. बादलीने मोजली तर 18 लिटर. म्हणजे लिटरला 25 रुपये.

आता लगेच "घरचंच स्वस्त" म्हणून उडी मारू नका. 12 इंची कुंडीत सुमारे 15 लिटर माल जातो, तेव्हा 145 लिटरमध्ये नऊ-दहा कुंड्या भरतात. त्याच विकतच्या मालाने भरायच्या तर आठेक पिशव्या लागतील, 3600 रुपये. इथे घरी कालवणं उघड फायद्याचं. पण बाल्कनीत 8 इंचाच्या चारच कुंड्या असतील, तर लागतात जेमतेम 18 लिटर. एका पिशवीत काम झालं. त्यासाठी 1320 रुपयांचा पसारा आणून उरलेल्या गोण्या बेडरूमच्या खिडकीखाली ठेवणारे लोक मी पाहिलेत. चारसहा छोट्या कुंड्या असतील तर पिशवी आणा आणि मोकळे व्हा.

फुकटची काळी माती

ही माझी दुखरी नस आहे, तेव्हा जरा ऐकून घ्या.

काही वर्षांपूर्वी चुलतभावाच्या प्लॉटवर पायाचं खोदकाम चाललं होतं. काळीभोर, मऊसूत मातीचा ढीग पाहून माझा जीव हरखला. "ताई, हवी तेवढी ने, कुणाला नकोच आहे," असं तो म्हणाला. 900 रुपयांत टेम्पो ठरवून माती गच्चीवर चढवली, थोडं शेणखत मिसळलं, 22 कुंड्या भरल्या. वांगी, मिरची, टोमॅटो, दोन लिंबं. जूनभर मी शेजाऱ्यांना बोलावून बोलावून बाग दाखवली.

जुलैत दहा दिवस झड लागली. कुंड्यांत पाणी तळ्यासारखं साचलं. लोखंडी सळई घेऊन भोसकत बसले, भोकं पडायची आणि तासाभरात बुजायची. वांगी उभ्या-उभ्या माना टाकून गेली. उपटली तर मुळं तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारी. जी झाडं वाचली ती ऑक्टोबर हीटमध्ये गेली, कारण आता तीच माती आक्रसली होती. भेगा एवढ्या की पाचाचं नाणं उभं राहावं. पाणी घातलं की भेगांतून आणि कुंडीच्या कडेने थेट ताटलीत. मला वाटायचं, भरपूर पाणी झालं. आतला गोळा मात्र कोरडा ठणठणीत.

दोष मातीचा नव्हता, माझ्या अकलेचा होता. दख्खनच्या बेसॉल्टपासून बनलेल्या आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. शेतात तिला खोली असते, गांडुळं असतात, आणि शेतकरी वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी बेताची ओल, येईपर्यंत तिच्यात पाऊल टाकत नाही. बारा इंचाच्या कुंडीत वाफसा फार तर एखादा दिवस टिकतो. त्याआधी चिखल, त्यानंतर वीट. शिवाय माझी माती पायाच्या खड्ड्यातली, म्हणजे खोलवरची. वरच्या थरात जो कुजलेला पालापाचोळा आणि जीवजंतू असतात, ते तिच्यात जवळपास नव्हतेच.

आणि वजन? भिजलेल्या काळ्या मातीची 12 इंची कुंडी 25 किलोच्या आसपास जाते. वापरत्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरतात. अशा सहा कुंड्या एका चौरस मीटरमध्ये दाटीने ठेवल्या की तिथला हिशोब संपला.

शेवटी माणूस लावून दोन दिवसांत सगळ्या कुंड्या रिकाम्या केल्या. मजुरी 1400, माती परत टाकायला टेम्पो 900, मेलेली रोपं 1750, आणि आणतानाचे 900. फुकटची माती 4950 रुपयांना पडली.

आता कुठलीही माती आणायची तर आधी एक मूठ काचेच्या बरणीत टाकते, पाणी भरून हलवते आणि ठेवून देते. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ असेल तर ती माती मी उचलत नाही. लोक हसतात. हसू द्या.

महागडी पिशवी "पुरवणं"

450 रुपयांची पिशवी आणायची, मग जीव तुटतो म्हणून अर्धी बागेतली काळी माती मिसळायची आणि चारच्या आठ कुंड्या भरायच्या. हे इतक्यांदा पाहिलंय की आता कुंडीला हात लावूनच ओळखते. मिक्समधल्या हवेच्या पोकळ्यांचेच तर तुम्ही पैसे मोजले होते! चिकणमातीने त्या बुजवल्या. कोकोपीट पाणी धरून ठेवणार, काळी माती ते सोडणार नाही, आणि मुळं मधल्यामध्ये गुदमरणार. पुरवायचंच असेल तर घरातलं चांगलं कुजलेलं कंपोस्ट घाला, तेही चौथा हिस्सा.

वीट फोडली की लगेच रोप लावणं

स्वस्त कोकोपीटमध्ये मीठ असतं. नारळाच्या काथ्यात मुळातच सोडियम आणि पोटॅशियम असतं, आणि काथ्या खाऱ्या पाण्यात कुजवलेला असला तर आणखी. पानांची टोकं जळाल्यासारखी करपली की लोक "कीड पडली" म्हणून फवारे मारत सुटतात.

मी वीट मोठ्या टबात भिजवते, जुन्या पडद्याच्या कापडात बांधून पिळते, पुन्हा भिजवते. तीन वेळा. पहिलं पाणी चहासारखं लाल निघतं. तिसऱ्या वेळी फिकट आलं की झालं. अर्धा दिवस जातो. एका भाचीने मला विचारलं, "मावशी, एकदाच धुतलं तर नाही का चालणार?" चालेल ना. आधी एका मिरचीच्या रोपावर चालवून बघ, मग मला सांग. (पिशवीवर "धुतलेलं, कमी ईसी", म्हणजे क्षार कमी, असं लिहिलेलं असेल तर एकदा धुणं पुरतं. मी दोनदा धुते.)

बाकीच्या चुका, पटापट

ताजं शेण घालू नका. ते कुजताना तापतं, मुळं भाजतात, वर मुळं खाणारी हुमणी अळी फुकट मिळते.

कुंडीच्या तळाला तीन इंच विटांचे तुकडे भरल्याने निचरा सुधारत नाही. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडकतं आणि ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी पुरते.

समुद्राची वाळू नको, दगड फोडून केलेल्या क्रश सँडची भुकटीही नको. पहिलीत मीठ असतं, दुसरी सिमेंटसारखी बसते.

अर्धवट कुजलेला पाला, भुसा किंवा उसाचं पाचट ताजं मिसळलं तर ते कुजण्यासाठी नायट्रोजन स्वतःच खातं आणि रोप पिवळं पडतं. आधी कुजू द्या.

गांडूळखत "पौष्टिक" म्हणून निम्म्याहून जास्त घालू नका, ते चिखलासारखं दबतं.

निंबोळी पेंड मिसळल्यावर पांढरी बुरशी दिसली की घाबरून मिश्रण फेकू नका. आठ-दहा दिवस मुरू द्या, मग रोप लावा.

अडेनियम (वाळवंटी झाड, ओल सोसत नाही) आणि कढीपत्ता एकाच मिश्रणात लावणाऱ्यांना मी काही सांगत नाही, त्यांचं अडेनियमच पावसाळ्यात सांगेल.

महाग आणलं म्हणजे खत नको, हा समज

कोकोपीटमध्ये झाडाचं पोट भरेल असं फार काही नसतं. पिशवीत जे खत घातलेलं असतं, ते माझ्या अनुभवात महिना-दीड महिन्यात संपतं. नंतर झाड नुसतं उभं राहतं आणि मालक म्हणतात, "कंपनीने फसवलं." दर पंधरा दिवसांनी मी मूठभर गांडूळखत वरून घालते. पिशवीची असो की घरची, सगळ्या कुंड्यांना.

कोकोपीटचं मिश्रण पूर्ण कोरडं पडू देऊ नका, हेही लक्षात ठेवा. एकदा खडखडीत वाळलं की पाणी वरून घसरून कडेने निघून जातं. तसं झालं तर कुंडीच अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा.

हंगाम संपला की माल फेकून देणं

वर्षाला लिटरमागे किती पडलं, हा खरा भाव. त्यात महाग-स्वस्ताचं गणित पुरतं बदलतं. मी जुना माल एप्रिलमध्ये ताडपत्रीवर काढते, जाड मुळं वेचते, ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली वैशाखाच्या उन्हात चार-सहा आठवडे तापवते. मग चौथा हिस्सा नवं खत, थोडी पेंड. टोमॅटोच्या मुळांवर गाठी दिसल्या असतील तर मात्र ती माती परत भाजीला वापरत नाही. या गाठी करणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले बारीक जंत, उन्हाने कमी होतात, पण सगळे मरतील याची मला खात्री नाही. ती माती खालच्या जास्वंदीच्या आळ्यात जाते.

गच्चीवर सध्या जो माल आहे, त्यातला बराचसा तिसऱ्या वर्षात आहे. गेल्या वर्षी आणलेल्या त्या 450 रुपयांच्या पिशवीतला थोडाही त्यात आहे, पण आता कुठल्या कुंडीत ते मला ओळखू येत नाही.